दोनशे बारा नंबरची चौकट

सकाळी सहाला शिक्षक कॉलनीच्या कोपऱ्यावर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कॉलनीत कुणी आजारीही नव्हतं, निदान अजून तरी.

इंदूताई चिंतलवार फाटकापाशी तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच हातात धरून त्या गाडीजवळ गेल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, "भाऊ, जरा पुढं घ्या ना गाडी. अगदी दारासमोर नको."

चालकाच्या जागेवर बसलेल्या मारोती आत्रामला याची सवय झाली होती. "काकू, मी कुठं माझ्या मनानं उभा आहे? ज्योतिष्यानं धाडलं मला इथं." तरी त्यानं गाडी दहा पावलं पुढं घेतली. तिथल्या घरातली सून लगेच बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

समोरच्या घरातून स्कूटर बाहेर काढणाऱ्या कुंदा निमसरकरला हसू आवरेना. मारोतीनं तिला बघून हात वर केला. ज्याला तो ज्योतिषी म्हणत होता, त्या यंत्रणेसमोरच कुंदा रोज आठ तास बसायची.

यंत्रणेचं खरं नाव पूर्वसूचक. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या आपत्कालीन केंद्रात ती बसवली. सगळ्या शहराचा नकाशा चौकटींत कापलेला. हवेतली उष्णता आणि दमटपणा, त्या भागातल्या लोकांची वयं, घरांचे पत्रे की स्लॅब, आणि मुख्य म्हणजे आजवर आलेले सगळे फोन, यांचा हिशोब करून पूर्वसूचक सांगायचा की पुढच्या तासात कोणत्या चौकटीतून किती हाका येतील. जास्त हाका येणार ती चौकट लाल, कमी ती पिवळी, एकही येणार नाही ती पांढरी. गाड्या आधीच लाल चौकटींत जाऊन उभ्या राहायच्या. पूर्वी फोन केल्यावर गाडी यायला अर्धा तास लागायचा, आता सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांमुळे किती माणसं वाचली, याचे फलक चौकाचौकांत लागले होते.

लोकांना मात्र गाडीची धास्ती वाटायची. ती कोपऱ्यावर दिसली की घराघरांतून म्हाताऱ्यांना हाका सुरू व्हायच्या, "बाबा, पाणी प्यालात का?"

"काका कसे आहेत?" कुंदानं हेल्मेट घालता घालता विचारलं.

"ठीक आहेत. पेपर वाचताहेत," इंदूताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुंदा, खरं सांग. तुला तिथं दिसतं का गं, कुणाच्या घरी ते?"

"नाही हो ताई. घर नाही दिसत. चौकट दिसते फक्त."

*

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. चंद्रपूरला सत्तेचाळीस अंशांचं नवल उरलं नव्हतं. पण या वर्षी बंगालच्या उपसागराकडून पावसाआधीच दमट वारे येऊन बसले होते, आणि ती गोष्ट वेगळी होती. कोरड्या उन्हात घाम सुकतो, अंग निवतं. दमट उन्हात घाम नुसता निथळतो. म्हणून केंद्रातल्या भिंतीवर साध्या तापमानाशेजारी 'ओलं तापमान' लिहिलेलं असे, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकावरचा आकडा. तो पस्तिशीला टेकला तर सावलीत बसलेलं, पाणी प्यायलेलं, धडधाकट माणूसही काही तासांत आतून शिजायला लागतं. त्या दिवशी अकरा वाजताच आकडा एकतीसवर होता.

कुंदा पूर्वी रुग्णवाहिकेवर परिचारिका होती. पाठ दुखावल्यावर ती फोनवर आली, आणि फोन यंत्रानं घ्यायला सुरुवात केल्यावर नकाशावर. आता हाक यायची ती यंत्राच्या गोड आवाजाकडे. तो आवाज विचारायचा, 'आपला घरक्रमांक सांगा. आपल्या रस्त्याचं नाव सांगा.' उत्तर जुळलं की गाडी निघायची. कुंदाचं काम एवढंच, की यंत्राकडून काही राहिलं तर बघायचं.

साडेअकराला नकाशाचा मधला भाग तांबडालाल झाला. चौतीसपैकी एकतीस गाड्या धावत होत्या. लालीच्या कडेला मात्र काही चौकटी पांढऱ्या होत्या, आणि त्यांतली औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या डोंगरामागची एक धुतल्यासारखी पांढरी होती. नंबर दोनशे बारा.

कुंदाची नजर तिथं अडली. दोनशे बारा म्हणजे राखटेकडी. खाणीत कंत्राटावर काम करणाऱ्यांची वस्ती, तीनचारशे माणसं, सगळे पत्रे. फोनवर असताना उन्हाळ्यात तिथून रोज दोनतीन हाका तिनं स्वतः घेतल्या होत्या. अशा दिवशी तिथं कुणालाच काही होत नाही?

तिनं त्या चौकटीची नोंद उघडली. अकरा दिवसांत एकही फोन नाही. मग तिला बाजूला एक राखाडी रकाना दिसला, जो कुणी उघडत नसे. 'अपूर्ण कॉल.' घरक्रमांक जुळला नाही, रस्त्याचं नाव जुळलं नाही, म्हणून यंत्रानं बाजूला टाकलेले फोन. राखटेकडीला रस्त्यांना नावं नव्हती आणि घरांना क्रमांक नव्हते, कारण ती वस्ती कागदावर नव्हतीच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अपूर्ण कॉल एक्केचाळीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात सत्तावीस. मग बारा. मग तीन. मग शून्य.

कुंदानं तो रकाना पुन्हा वरून खाली वाचला. ऊन वाढत गेलं तसतसे फोन कमी होत गेले होते. पूर्वसूचकानं त्याचा अर्थ लावला, की इथं गरज नाही. म्हणून गाड्या नाहीत. गाड्या नाहीत म्हणून लोकांनी फोन करणं सोडलं. आणि लोकांनी सोडलं म्हणून चौकट आणखी पांढरी.

ती तडक डॉक्टर परात्यांच्या खोलीत गेली. केंद्रप्रमुख परात्यांचे डोळे तीन दिवसांच्या जागरणानं सुजले होते. त्यांनी आकडे नीट पाहिले, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"हे चुकतंय आपलं," ते म्हणाले. "मी आजच लिहून पाठवतो. अपूर्ण कॉल हिशोबात घ्यायला सांगतो."

"त्याला किती दिवस लागतील?"

"आठदहा."

"सर, आज एक गाडी पाठवा. नुसती बघून येईल."

"कुठून काढू? सांगा ना. दहा वर्षांपूर्वी या शहरात दिवसाला नव्वद फोन यायचे, काल सहाशे दहा आले. गाड्या सव्वीस होत्या, आता चौतीस आहेत. ज्या चौकटीतून फोन येणार हे मला माहीत आहे, तिथली गाडी काढून, जिथं काय आहे तेच माहीत नाही तिथं पाठवू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कुणी गेलं तर त्याच्या माणसांना काय सांगू?"

कुंदा आपल्या जागेवर परत गेली.

*

अडीचला तिची पाळी संपली. ओलं तापमान तेहतीसवर गेलं होतं. खुर्चीतून उठण्याआधी तिनं नकाशावर सतरा नंबरची गाडी शोधली. मारोतीची गाडी एका रुग्णाला पोचवून नुकतीच परतली होती आणि पुन्हा शिक्षक कॉलनीच्या लाल चौकटीत उभी राहायला निघाली होती. कुंदानं त्या गाडीसमोर लिहिलं, 'शीतयंत्र नादुरुस्त. एक तास.' मग तिनं मारोतीला फोन लावला.

"मारोतीभाऊ, माझ्या जबाबदारीवर एक काम करशील?"

तिनं राखटेकडीचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, माझी मावशी राहायची तिथं. केंद्राच्या फाटकापाशी या."

गाडीत तो, ती आणि बर्फाच्या दोन पेट्या. मागं शीतझोळी घडी करून ठेवलेली होती, म्हणजे माणूस गळ्यापर्यंत मावेल अशी जाड रबरी पिशवी. उष्माघाताच्या माणसाला तिच्यात घालून बर्फ आणि पाणी ओतायचं, दवाखान्यापर्यंत थांबायचं नाही. दिसायला ती प्रेत गुंडाळायच्या पिशवीसारखीच, त्यामुळे नातेवाईक आधी रडायलाच लागायचे.

राखेच्या डोंगराला वळसा घालून गाडी नाल्यावरच्या मोरीपाशी थांबली. पुढं रस्ता नव्हता. दोघं स्ट्रेचर घेऊन चालत निघाले. पायांखाली राख पिठासारखी दबत होती. एवढ्या वस्तीत एका माणसाचा आवाज नव्हता. पहिल्या घराचं दार उघडं होतं, आत कुणी नाही. दुसऱ्यातही नाही. पत्र्याला हात लागला तर कुंदाचा तळवा भाजला.

"गेले कुठं सगळे?" मारोतीनं हळूच विचारलं.

वस्तीच्या मागं जुन्या पाणीउपशाची पडकी खोली होती. तिच्या सावलीत लोकांनी पुरुषभर खोल, लांबलचक खड्डा खणला होता. वर बांबू टाकून त्यावर भिजवलेली पोती अंथरली होती. दोन बाया मडक्यांनी पोत्यांवर पाणी शिंपत होत्या. आत, ओल्या मातीला पाठ लावून, खाणीत गेलेले सोडून उरलेली शेदीडशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. लेकरं, म्हाताऱ्या, रात्रपाळी करून आलेले बाप्ये. कुणी बोलत नव्हतं. बोलण्यानं अंग तापतं, हे त्यांना कळून चुकलं असावं.

पन्नाशीची एक काटक बाई वर चढून आली. ती फुलाबाई कोवे. खड्डा तिच्याच डोक्यातून निघाला होता. गाडीचा गणवेश बघून तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, रागही नाही.

"कोनं बोलावलं तुमाले?"

"कुणी नाही," कुंदा म्हणाली. "फोन येत नव्हते, म्हणून आलो."

फुलाबाई तिच्याकडे बघतच राहिली. मान थोडी तिरपी करून, कानानं बघावं तशी. "बोला जी अजून काई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमचा आवाज वळखला म्या. दोन वर्सांआधी माह्या मालकाले झटके येत होते, तवा तुमीच होत्या फोनवर. पाच मिनटांत येते, मनलं तुमी. मंग पुन्हा फोन केला तवाबी पाच मिनटं. असं चार बार सांगतलं. पाऊन तासानं आली गाडी."

कुंदाला तो फोन आठवत नव्हता. त्या उन्हाळ्यात असे कितीतरी फोन तिनं घेतले होते, आणि गाडी कुठं आहे हे माहीत नसताना प्रत्येकाला पाच मिनिटंच सांगितली होती, कारण समोरच्या माणसाला धीर द्यायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"मी..." ती म्हणाली.

"आता नाई बोलत त्याचं," फुलाबाई म्हणाली. "आधी पोरीले उचला."

पोरगी होती रेश्मा मडावी, बावीस वर्षांची, आठवा महिना. खड्ड्याच्या टोकाला ती डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. अंग कोरडंठाक आणि तव्यासारखं. कुंदानं तापमापी लावली. एक्केचाळीस पूर्णांक नऊ. पलीकडे बुधाजी नावाचा म्हातारा, चाळीस पूर्णांक सहा, अजून हूं हूं करत होता. झोळी एकच होती.

"हिला झोळीत. बाबांना बाकावर, बर्फाच्या पिशव्या काखेत आणि मानेखाली," कुंदा म्हणाली. तिची पाठ, तिचं वय, कशाचीच तिला आठवण राहिली नाही. वस्तीतल्या चार माणसांनी स्ट्रेचर उचललं. मोरीपर्यंत जाताना त्यांतला एक वाटेतच खाली बसला, तर दुसरा पुढं झाला.

"या महिन्यात किती गेले?" चालता चालता कुंदानं विचारलं.

"नऊ," फुलाबाई म्हणाली. "गेल्या आठवड्यात गेलेली सहावी माही जाऊ."

झोळीत बर्फ ओतला तेव्हा रेश्मानं पहिल्यांदा कण्हल्यासारखा आवाज काढला. गाडी सुरू झाली. कुंदानं तिच्या पोटावर यंत्र टेकवलं. बाळाचे ठोके सापडायला वेळ लागला, आणि सापडले ते फार घाईचे होते.

गाडी डोंगराचा वळसा संपवत असतानाच समोरच्या पडद्यावरून यंत्राचा गोड आवाज आला. "चौकट एकशे सेहेचाळीस, शिक्षक कॉलनी. पुरुष, चौऱ्याहत्तर वर्षं, शुद्ध हरपली आहे. जवळची गाडी एकोणीस मिनिटांवर."

मारोतीनं आरशातून मागं पाहिलं. पडद्यावर नाव उमटलं होतं, वामनराव चिंतलवार. इंदूताईंचे यजमान.

"ताई?"

कुंदाचा एक हात रेश्माच्या मानेखाली होता, दुसरा बर्फात. तिथं पोचायला त्यांनाही वीस मिनिटं लागली असती, आणि आत दोन माणसं होती. तिनं मनातल्या मनात तो रस्ता दोनदा मोजून पाहिला.

"दवाखाना," ती म्हणाली. "सरळ दवाखाना, मारोतीभाऊ."

*

साडेचारपर्यंत रेश्माचा ताप एकोणचाळीसवर आला. बाळाबद्दल डॉक्टर अजून काही सांगायला तयार नव्हते. बुधाजीनं पाणी मागितलं. त्याच दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला, फोन केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांनी वामनरावांना आणलं गेलं. संध्याकाळी पावणेसहाला ते गेले.

कुंदा इंदूताईंना दवाखान्यात भेटली नाही. तिला ते जमलं नाही. घरी आल्यावर मात्र ती स्कूटर फाटकाबाहेरच ठेवून समोरच्या घरात गेली. ओसरीवर चपलांचा ढीग होता. इंदूताई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, त्यांची बहीण पाठीवरून हात फिरवत होती.

"ताई, तुम्हाला एक सांगायचंय." कुंदा जमिनीवर बसली. "दुपारी गाडी इथं उभी राहणार होती. मी तिला दुसरीकडे नेलं."

बहिणीचा हात थांबला. इंदूताईंनी मान वर केली.

"कोणासाठी?"

कुंदानं सांगितलं. खड्डा सांगितला, रेश्मा सांगितली, अपूर्ण फोनांचा रकाना सांगितला. आपण काय खोटं लिहिलं, तेही सांगितलं.

"ती पोरगी जगली?"

"आज तरी."

इंदूताईंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "मग मला बरं वाटायला पाहिजे का, कुंदा?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "तू शिकलेली आहेस. तू सांग. मला काय वाटायला पाहिजे?"

बहीणच म्हणाली, "तुम्ही आता जा." कुंदा उठली.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परात्यांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर तिच्या निलंबनाचा कागद होता, सोमवारपासून.

"खोटी नोंद केलीत, ते मला लपवता येणार नाही," ते म्हणाले. "पण हे बघा." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. वरच्यांच्या मंजुरीची वाट न बघता त्यांनी रात्रीच अपूर्ण कॉल हिशोबात धरायला लावले होते. त्यात त्यांचीही नोकरी जाऊ शकत होती.

नकाशा ओळखू येत नव्हता. काल ज्या एकोणीस चौकटी पांढऱ्या होत्या, त्या सगळ्या लाल झाल्या होत्या. शहराच्या कडेनं लाल पट्टा पसरला होता. वीटभट्ट्या, नाल्याकाठच्या झोपड्या, कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगमागची वस्ती. गप्प झालेली राखटेकडी एकटीच नव्हती.

"गाड्या?" कुंदानं विचारलं.

"चौतीस." परात्यांनी कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. गाडी पोचायला लागणारा सरासरी वेळ काल सहा मिनिटं होता, आज सतरा. "काल नकाशा खोटा होता आणि वेळ चांगली होती. आज नकाशा खरा आहे. मी वर फोन केला तर ते म्हणाले, तुमच्या सेवेचा दर्जा एका रात्रीत एवढा कसा घसरला?"

ते हसल्यासारखे दिसले, पण हसले नाहीत. भिंतीवरचा ओल्या तापमानाचा आकडा सकाळी दहालाच बत्तीस झाला होता. हवामान खात्यानं हे वारे आणखी नऊ दिवस राहतील असं सांगितलं होतं.

कुंदा जागेवर येऊन बसली. सोमवारला अजून तीन दिवस होते. तिच्या पर्समधला फोन वाजला. काल मोरीपाशी तिनं आपला नंबर फुलाबाईच्या हातावर पेनानं लिहून दिला होता.

"कुंदाबाई हायेत का जी?"

"मीच बोलते, फुलाबाई."

"आज आठ जणं पडले खड्ड्यात. दोन तं लेकरं हायेत. किती गाड्या धाडता?"

कुंदानं नकाशावर नजर फिरवली. एका वीटभट्टीपाशी एक गाडी मोकळी होत होती. तिच्याकडे आणखी तीन चौकटींचे फोन आधीच लागले होते. राखटेकडीला पोचायला तिला किती मिनिटं लागतील, ते कुंदानं दोनदा वाचलं आणि मग खरं तेच सांगितलं.

"एक. बावीस मिनिटं लागतील. दोघंच मावतील तिच्यात."

पलीकडून पोत्यांवर पाणी शिंपडल्याचा तेवढा आवाज येत राहिला. कुंदाला वाटलं, बाई आता फोन ठेवेल, आणि पुन्हा कधी करणार नाही.

पण फुलाबाईनं फोन ठेवला नाही.

"बरं," ती म्हणाली. "बावीस मिनटं. मंग तुमीच सांगा जी, ह्या आठांतले कोनते दोन मोरीपाशी नेऊन ठेवू?"